पार्लमेंटविना ११ वर्षं राज्य चाललं, मग पार्लमेंट परत भरल्यावर युद्ध का झालं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट होईल. तुमची मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला इतिहास शिकते. तिच्या नोट्समध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स जुलमी होता आणि पार्लमेंट जनतेच्या हक्कांसाठी त्याच्याशी लढलं, असं दोन ओळींत उरकलं आहे. तुम्हाला ते पटलं नाही. राजा इतका जुलमी होता, तर १६२९ ते १६४० अशी ११ वर्षं पार्लमेंट नसताना लोक गप्प कसे बसले? आणि पार्लमेंट परत भरल्यावर राजानं बहुतेक मागण्या मान्य केल्या, तरी दोन वर्षांच्या आत युद्ध का पेटलं?

मी २४ वर्षं पदवीच्या वर्गांना युरोपचा इतिहास शिकवते आहे. पहिली पाच-सहा वर्षं मीही त्या नोट्ससारखंच शिकवत होते. मग एका विद्यार्थिनीनं भर वर्गात तुमचाच दुसरा प्रश्न विचारला आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. त्यानंतर मी हा विषय मुळापासून पुन्हा वाचला. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

सर्वात आधी एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते. पार्लमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिल्लीची संसद येते: कायम असणारी, ठरलेल्या काळानं अधिवेशन भरवणारी. आपल्या राज्यघटनेचं कलम ८५ सांगतं की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. चार्ल्सच्या इंग्लंडमध्ये असं काही नव्हतं. पार्लमेंट बोलवायचं तेव्हा राजा बोलवणार, नको झालं की राजाच घरी पाठवणार. ते राज्य चालवणारं मंडळ नव्हतंच. राजाला नवा कायदा किंवा जादा पैसा हवा असला की भरणारी ती सभा होती. त्यामुळे पार्लमेंट न बोलावणं हा त्या काळच्या कायद्यानं गुन्हा नव्हता, आणि ‘११ वर्षं पार्लमेंट बंद ठेवलं’ हे वाक्य आपल्याला जितकं भयंकर वाटतं तितकं त्या काळच्या सामान्य शेतकऱ्याला वाटलं नसणार.

आता पैशाकडे येते, कारण भांडणाची सुरुवात तिथेच आहे. राजानं शांततेच्या काळात आपल्या खासगीवर भागवावं, अशी जुनी अपेक्षा होती. खासगी म्हणजे राजाच्या जमिनींचं उत्पन्न, बंदरांवरची जकात, काही सरंजामी हक्कांचे पैसे. लढाई आली तरच पार्लमेंटनं कर मंजूर करायचा. त्या कराला सब्सिडी म्हणत. आज सरकार आपल्याला देतं ती सब्सिडी. तेव्हा प्रजा राजाला द्यायची ती. ही व्यवस्था सतराव्या शतकात पोकळ झाली होती. महागाई वाढत गेली होती, जमिनी विकल्या गेल्या होत्या, आणि सब्सिडीची आकारणी जुन्याच अंदाजांवर चालली होती. आकारणी करणारे होते गावोगावचे जमीनदार, म्हणजे पार्लमेंटमध्ये बसणारा वर्ग तोच. ते एकमेकांची मिळकत कमी दाखवत. सोळाव्या शतकातल्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या सुरुवातीच्या काळात एका सब्सिडीतून जेवढं मिळायचं, त्याच्या जवळपास निम्मंच १६२० च्या दशकात मिळत होतं.

चार्ल्सच्या बापाच्या, म्हणजे पहिल्या जेम्सच्या काळात यावर एक शहाणा तोडगा निघाला होता. १६१० मध्ये रॉबर्ट सेसिल या मंत्र्यानं मांडलं की राजानं जुने सरंजामी हक्क सोडावेत आणि बदल्यात पार्लमेंटनं दरवर्षी दोन लाख पौंड बांधून द्यावेत. बोलणी बरीच पुढे गेली आणि फिसकटली. राजाला वाटलं रक्कम थोडी आहे, सभासदांना वाटलं एकदा कायमचं उत्पन्न मिळालं की हा आपल्याला परत बोलावणार नाही. ही दुसरी भीती लक्षात ठेवा, ती पुढे सतत येते.

वर्गात मी इथे थांबते आणि मुलांचे दोन गट करते. एका गटाला सांगते, तुम्ही १६२५ मधले राजाचे खजिनदार. स्पेनशी लढाई अंगावर घेतली आहे, पैसे उभे करा. दुसरा गट पार्लमेंटचा. बहुतेक वर्षी असं होतं की अर्ध्या तासात खजिनदारांचा गट चार्ल्सनं केलं नेमकं तेच सुचवू लागतो: जुने कायदे शोधू, श्रीमंतांकडून कर्ज घेऊ, जकात तशीच वसूल करत राहू. आणि पार्लमेंटचा गट आधी हिशेब मागतो. दोन्ही गटांतली मुलं सरळ मनाची असतात, तरी अडकतात. हा पेच माणसांच्या स्वभावाआधी व्यवस्थेत होता हे त्यांना तेव्हा कळतं. ते नुसतं सांगून कळत नाही.

मात्र स्वभावाचाही भाग होता, आणि तो मोठा होता.

१६२५ मध्ये गादीवर आल्यावर चार्ल्सनं पहिलं पार्लमेंट भरवलं. पंधराव्या शतकापासूनचा प्रघात असा की नव्या राजाला टनेज-पाउंडेज ही जकात पहिल्याच पार्लमेंटमध्ये हयातभरासाठी मंजूर व्हायची. कॉमन्स, म्हणजे निवडून आलेल्या सभासदांच्या सभागृहानं ती चार्ल्सला एकाच वर्षासाठी देऊ केली, आणि तो ठराव लॉर्ड्समध्ये, म्हणजे सरदारांच्या वरच्या सभागृहातच अडकला. चार्ल्सनं जकात घेणं चालूच ठेवलं. लढाईसाठी दोन सब्सिड्या मिळाल्या, साधारण १ लाख ४० हजार पौंडांच्या. आखलेल्या मोहिमांना त्याच्या कित्येक पट पैसा लागणार होता. त्याच वर्षी स्पेनच्या काडिझ बंदरावरची मोहीम फसली. दोन वर्षांनी रे बेटावरची स्वारीही फसली, आणि ती होती फ्रान्सविरुद्ध. चार्ल्सची राणी हेन्रिएटा मारिया फ्रान्सच्या राजाची सख्खी बहीण. स्पेन आणि फ्रान्स या दोन्ही बलाढ्य राज्यांशी एकाच वेळी वैर धरणारं हे धोरण बकिंगहॅमच्या ड्यूकचं होतं आणि राजाचा त्याच्यावर आंधळा विश्वास होता. १६२६ च्या पार्लमेंटनं बकिंगहॅमवर महाभियोग आणला, तेव्हा चार्ल्सनं पार्लमेंटच बरखास्त केलं. पैसा मंजूर न होताच.

मग आलं सक्तीचं कर्ज. नाव कर्ज, पण परतफेडीची आशा कोणालाच नव्हती. अडीच लाख पौंडांच्या आसपास वसूल झाले. निव्वळ आकड्यानं पाहिलं तर ही योजना यशस्वी. ज्यांनी नकार दिला त्यातल्या पाऊणशे जणांच्या आसपास लोकांना कैदेत टाकलं. त्यांच्यापैकी पाच सरदारांनी १६२७ मध्ये कोर्टात विचारलं की आमचा गुन्हा काय ते तरी सांगा. उत्तर आलं की राजाचा खास हुकूम आहे. कोर्टानं त्यांना सोडलं नाही. माझ्या मते भांडणाचा पोत इथे बदलला. तोवर वाद किती पैसे द्यायचे याचा होता. आता प्रश्न झाला की कारण न सांगता राजा मला आत टाकू शकत असेल, तर माझी मालमत्ता माझी आहे असं म्हणण्याला अर्थ काय?

१६२८ चा पिटिशन ऑफ राइट, म्हणजे हक्कांचा अर्ज, याचंच उत्तर होता. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही, कारण दाखवल्याशिवाय कैद नाही, लोकांच्या घरात सैनिक उतरवायचे नाहीत, शांततेच्या काळात लष्करी कायदा लावायचा नाही. मुली-मुलांना हे चार मुद्दे पाठ असतात. मी त्यांना त्यानंतरचं सांगते. राजानं आधी गुळमुळीत उत्तर दिलं. सभागृह पेटल्यावर ७ जूनला रीतसर संमती दिली, लंडनमध्ये घंटा वाजल्या. मात्र अर्ज छापायची वेळ आली तेव्हा सरकारी छापखान्याकडून जी प्रत बाहेर पडली, तिच्यात राजाचं पहिलं गुळमुळीत उत्तरही घातलेलं होतं. पुढच्या अधिवेशनात सभासदांना हे कळलं. आपल्याकडे शब्द फिरवणं म्हणतात ते हे. कायद्याच्या दृष्टीनं ही गोष्ट लहान वाटेल, पण पुढच्या १४ वर्षांत ज्या ज्या वेळी चार्ल्सनं काही कबूल केलं, त्या त्या वेळी समोरच्यांच्या मनात हाच अनुभव होता.

२ मार्च १६२९ ची दुपार प्रसिद्ध आहे. राजानं सभागृह तहकूब करायचा हुकूम पाठवला. स्पीकर जॉन फिंच उठू लागले, तर डेन्झिल होल्स आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या सभासदांनी त्यांना खुर्चीत दाबून धरलं आणि दार लावून तीन ठराव संमत केले. धर्मात नवे प्रकार आणणारा, मंजुरी नसलेली जकात घ्यायचा सल्ला देणारा आणि ती जकात मुकाट भरणारासुद्धा राज्याचा शत्रू ठरवला गेला. ठरावांमागचा माणूस सर जॉन इलियट. तो लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैद झाला आणि १६३२ मध्ये तिथेच वारला. मुलानं विनंती केली की वडिलांचा देह कॉर्नवॉलला न्यायची परवानगी द्या. राजानं लिहवलं की तो जिथे मेला त्याच पॅरिशच्या चर्चमध्ये पुरा. मी हा प्रसंग वर्गात दरवर्षी सांगते, कारण हट्टाचं माप त्यातून कळतं.

आता तुमचा पहिला प्रश्न: पुढची ११ वर्षं लोक गप्प का?

याचं उत्तर कोणत्या गावात, कोणत्या धर्ममताच्या आणि किती जमिनीच्या माणसाला विचारता यावर अवलंबून आहे. चार्ल्सनं १६२९ मध्ये फ्रान्सशी आणि १६३० मध्ये स्पेनशी तह केला. युरोप तीस वर्षांच्या युद्धात होरपळत असताना इंग्लंडात शांतता होती, व्यापार चालू होता. लढाई नाही म्हणून मोठा खर्च नाही, आणि खर्च नाही म्हणून पार्लमेंटची गरज नाही. पैसे जुन्या कायद्यांतून उकरून काढले. वर्षाला ४० पौंडांची जमीन असून राज्याभिषेकाच्या वेळी नाइटपद न घेतलेल्यांना दंड केला, त्यातून पावणेदोन लाखांच्या आसपास मिळाले. जुन्या राजवनांच्या हद्दीत घरं-शेतं असलेल्यांना दंड झाला. साबणाचे मक्ते दिले गेले.

आणि आली शिप मनी, जिला मी मराठीत जहाजपट्टी म्हणते. संकटकाळी किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी जहाज किंवा पैसे द्यायचे हा जुना रिवाज. १६३४ मध्ये तो किनाऱ्यावर लावला, १६३५ मध्ये समुद्र न पाहिलेल्या परगण्यांवरही. वर्षाला सुमारे दोन लाख पौंडांची मागणी असे आणि १६३८ पर्यंत त्यातली बहुतेक रक्कम खरोखर गोळा झाली. तक्रारी झाल्या, पण बऱ्याचशा ‘माझ्या गावावर शेजारच्या गावापेक्षा जास्त आकारणी का’ अशा. बकिंगहॅमशायरच्या जॉन हॅम्पडेननं मात्र २० शिलिंग भरायला नकार देऊन मूळ प्रश्न विचारला: संकट आहे हे ठरवणार कोण? १२ न्यायाधीशांपैकी ७ जण राजाच्या बाजूनं आणि ५ हॅम्पडेनच्या बाजूनं गेले. राजा जिंकला खरा, पण राजाच्याच न्यायालयातल्या पाच न्यायाधीशांनी विरुद्ध निकाल दिला हे देशभर पोचलं. राजाच्या बाजूनं सर्वात टोकाचा निकाल दिला तो जॉन फिंच यांनी, १६२९ मध्ये खुर्चीत दाबून धरलेले तेच स्पीकर.

गप्प बसण्याचं आणखी एक कारण राज्ययंत्रणेत आहे. चार्ल्सकडे खडं सैन्य नव्हतं आणि पगारी नोकरशाही जेमतेम होती. गावोगावी कर गोळा करणारा शेरीफ, न्याय देणारा मॅजिस्ट्रेट हे सगळे बिनपगारी स्थानिक जमीनदार. राज्य त्यांच्या सहकार्यावर उभं होतं. ते कुरकुरत का होईना काम करत होते तोवर सगळं शांत दिसत होतं. ते हात आखडते घेतील त्या दिवशी राजाकडे दुसरं साधन नव्हतं. शिवाय ज्यांना अगदीच असह्य झालं त्यातले अनेक देश सोडून गेले; १६३० च्या दशकात २० हजारांच्या आसपास लोक न्यू इंग्लंडला गेले. त्यांच्या मनात कराहून जास्त धर्म होता. १६३३ पासून कँटरबरीचा आर्चबिशप असलेल्या विल्यम लॉडनं चर्चमध्ये कठडे, वेदी, झुकून वंदन असे प्रकार आणले, आणि प्युरिटन, म्हणजे चर्च आणखी साधं हवं असं मानणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट लोकांना त्यात कॅथलिक पंथ मागच्या दारानं येताना दिसला. १६३७ मध्ये प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक या तिघांचे लिखाणापायी भर चौकात कान कापले. ते तिघेही सुशिक्षित होते: वकील, धर्मोपदेशक आणि वैद्य. अशा माणसांना ही शिक्षा होते हे पाहून साधीसुधी माणसंही हादरली.

तरीसुद्धा, नुसत्या इंग्लंडचा विचार केला तर ही गाडी आणखी काही वर्षं चालली असती असं मला वाटतं. ती उलटली स्कॉटलंडमध्ये. चार्ल्स तिथलाही राजा होता, पण ते वेगळं राज्य होतं, त्याचं पार्लमेंट वेगळं, चर्च वेगळं. तिथल्या पार्लमेंटला किंवा धर्मसभेला न विचारता त्यानं नवं प्रार्थनापुस्तक लादलं. २३ जुलै १६३७ ला एडिनबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला घेताच दंगल झाली. १६३८ मध्ये स्कॉट लोकांनी राष्ट्रीय करारनामा करून त्यावर सह्या केल्या आणि सैन्य उभारलं. लढाई म्हणजे पैसा, आणि पैसा म्हणजे पार्लमेंट. एप्रिल १६४० मध्ये चार्ल्सनं ते बोलावलं. सभासद म्हणाले आधी ११ वर्षांच्या तक्रारी ऐका. तीन आठवड्यांत त्यानं त्यांना घरी पाठवलं.

त्या उन्हाळ्यात राजा किती तंगीत होता याचं एक उदाहरण आपल्याला जवळचं वाटेल. लंडनच्या व्यापाऱ्यांनी टॉवरच्या टांकसाळीत ठेवलेलं सोनं-चांदी त्यानं अडवून ठेवलं आणि ४० हजार पौंडांचं कर्ज कबूल झाल्यावर सोडलं. मग ईस्ट इंडिया कंपनीचं पूर्वेकडून आलेलं मिरं त्यानं ६३ हजार पौंडांना उधारीवर घेतलं आणि सुमारे ५० हजारांना रोखीत विकून टाकलं. याच कंपनीला शह देणाऱ्या कोर्टेन मंडळींना त्यानं पाच वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना दिला होता, आणि त्यांची जहाजं गोव्यापर्यंत येऊन गेली होती. म्हणजे राजानं आधी कंपनीची मक्तेदारी मोडली आणि नंतर तिच्याकडूनच उधार उचललं. लंडनचे व्यापारी १६४२ मध्ये मोठ्या संख्येनं पार्लमेंटकडे का झुकले, याचं उत्तर शोधताना हे व्यवहार समोर ठेवावेत.

ऑगस्ट १६४० मध्ये न्यूबर्नला राजाचं सैन्य हरलं. स्कॉट लोकांनी न्यूकॅसल घेतलं, जिथून लंडनच्या चुलींना कोळसा जायचा. रिपनच्या तहात ठरलं की कायमचा समझोता होईपर्यंत त्यांना रोज ८५० पौंड द्यायचे. हा आकडा मी फळ्यावर मोठा लिहिते. रोजचे ८५० पौंड कोण देणार? फक्त पार्लमेंट. त्यामुळे ३ नोव्हेंबर १६४० ला भरलेलं पार्लमेंट चार्ल्सला बरखास्त करताच येईना. आधीची सगळी पार्लमेंटं त्यानं मोडली होती, हे मोडता येत नव्हतं, कारण उत्तरेत सैन्य बसलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १६४१ च्या उन्हाळ्यापर्यंत काय काय झालं पाहा. दर तीन वर्षांनी पार्लमेंट भरलंच पाहिजे असा कायदा झाला. हे पार्लमेंट त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय बरखास्त होणार नाही हे राजानं मान्य केलं. स्टार चेंबर आणि हाय कमिशन ही बदनाम न्यायालयं रद्द झाली. जहाजपट्टी बेकायदा ठरली. राजाचा खंदा मंत्री स्ट्रॅफर्ड याचं मे महिन्यात शिर उडवलं गेलं. लॉड तुरुंगात होता, फिंच हॉलंडला पळाले होते. यातलं बरंचसं जवळपास एकमतानं झालं. पुढे राजासाठी लढणारी कित्येक माणसं या वेळी पार्लमेंटच्या बाकांवर बसून त्याच्या विरुद्ध मतं देत होती. नोट्समधली ‘राजा विरुद्ध पार्लमेंट’ ही मांडणी १६४० साठी खरी आहे. १६४२ साठी ती खरी नाही, कारण तोवर पार्लमेंटचेच दोन तुकडे झाले होते.

ते का झाले? एक कारण धर्माचं. लॉड नको यावर एकमत होतं, पण बिशपच नकोत असं काही जण म्हणू लागल्यावर निम्मे सभासद दचकले. बिशप गेले तर उद्या जमीनदार तरी कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला. दुसरं कारण आयर्लंड, चार्ल्सचंच तिसरं राज्य. ऑक्टोबर १६४१ मध्ये तिथे कॅथलिकांचा उठाव झाला आणि प्रोटेस्टंटांच्या कत्तलीच्या खऱ्या-फुगवलेल्या बातम्या लंडनला आदळू लागल्या. उठाव मोडायला सैन्य हवं यावर सर्वांचं एकमत होतं. पण त्या सैन्याचा सेनापती कोण नेमणार? कायद्यानं तो राजाचा हक्क, यात कोणालाच शंका नव्हती. पण त्याच वसंतात राजाच्या जवळच्या लोकांनी सैन्य आणून स्ट्रॅफर्डला सोडवायचा कट केला होता, तो उघडकीला आला होता. हे सैन्य आयर्लंडऐवजी वेस्टमिन्स्टरवर चालून येणार नाही याची हमी कोण देणार? राजाचा शब्द होता, पण १६२८ पासून त्या शब्दाचं काय होत आलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

माझं मत विचाराल तर युद्धाचं नेमकं कारण हे आहे. कराचा वाद तोवर मिटलेला होता. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या हाती तलवार द्यायची की नाही हा वाद मिटण्यासारखा नव्हता. आणि राजाच्या बाजूनंही पाहा: सैन्याचा हुकूम सोडला तर तो राजा कसला? मार्च १६४२ मध्ये त्याला विचारलं की थोड्या काळापुरता तरी हा अधिकार पार्लमेंटला द्याल का, तेव्हा तो म्हणाला, देवाशपथ, एका तासासाठीसुद्धा नाही.

नोव्हेंबर १६४१ मध्ये कॉमन्समधला राजाच्या विरोधकांचा नेता जॉन पिम आणि त्याच्या साथीदारांनी राजाच्या कारभाराच्या तक्रारींची लांबलचक यादी, ग्रँड रेमॉन्स्ट्रन्स, मताला टाकली. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती १५९ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर झाली. फक्त ११ मतांचा फरक. एडवर्ड हाइडसारखा माणूस, ज्यानं जहाजपट्टी काढण्यासाठी कष्ट घेतले होते, तो १४८ मध्ये होता आणि पुढे राजाचा सल्लागार झाला. म्हणजे चार्ल्सला या क्षणी आयती मोठी बाजू मिळाली होती. थोडा धीर धरला असता तर, असं मी अनेकदा मनात म्हणते. पण ४ जानेवारी १६४२ ला तो ४०० च्या आसपास सशस्त्र माणसं घेऊन पार्लमेंटवर गेला आणि स्वतः कॉमन्स सभागृहात शिरला. पाच सभासदांना पकडायचं होतं: पिम, हॅम्पडेन, होल्स, हेझलरिग आणि स्ट्रोड. ते आधीच नदीमार्गे निसटले होते. राजानं विचारलं, कुठे आहेत? स्पीकर विल्यम लेंथॉल गुडघ्यांवर बसून म्हणाले की या जागी हे सभागृह आज्ञा करेल त्याखेरीज मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. सहा दिवसांनी चार्ल्सनं लंडन सोडलं. परत आला तो सात वर्षांनी, कैदी म्हणून. ऑगस्ट १६४२ मध्ये नॉटिंगहॅमला त्यानं निशाण उभारलं आणि युद्ध सुरू झालं.

मुलीला एक सावधगिरी सांगा. ‘पार्लमेंट जनतेसाठी लढलं’ हे वाक्य तिनं लिहिलं तर पुढचे दोन मुद्देही लिहावेत. मतदानाचा हक्क परगण्यांत वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन असणाऱ्या पुरुषांनाच होता. आणि युद्धात पार्लमेंटनं स्वतः बसवलेले कर जहाजपट्टीहून कितीतरी जड होते. १६४३ मध्ये बिअरसारख्या वस्तूंवर अबकारी आली, पुढच्या वर्षी मांस आणि मिठावरही. याचा अर्थ पार्लमेंट खोटं होतं असा नाही. संमतीशिवाय कर नाही आणि कारणाशिवाय कैद नाही, ही तत्त्वं खरी होती आणि ती मांडताना इलियटसारख्यांनी जीव दिला. आपल्या घटनेतलं कलम २६५, कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, हे वाचताना मला १६२८ आठवतोच. पण तत्त्व मांडणारी माणसं आणि त्या तत्त्वाचा फायदा पुढे मिळालेली माणसं एकच नव्हेत, एवढं भान हवं.

परीक्षेत ‘कारणे लिहा’ असं विचारलं तर पैसा, धर्म आणि तीन राज्यांचा एकच राजा या क्रमानं लिहायला हरकत नाही. ‘मूल्यमापन करा’ असं असेल तर १६४० चं एकमत आणि १६४२ ची फूट यांतला फरक आधी मांडावा. तो ज्या उत्तरात असतो ते तपासताना मी पुन्हा वर जाऊन वाचते.

आणि तिला एक अभ्यासाची रीत सुचवते, जी माझ्या विद्यार्थ्यांना सर्वात उपयोगी पडली आहे. वर्षं पाठ करण्याऐवजी एकच माणूस धरायचा आणि त्याच्या मागोमाग जायचं. मी डेन्झिल होल्स देते. १६२९ मध्ये स्पीकरला खुर्चीत दाबून धरणारा हा. १६४२ मध्ये राजा ज्या पाच जणांना पकडायला आला त्यातला एक हा. त्याच वर्षी स्वतःची पलटण घेऊन राजाविरुद्ध एजहिलला लढला. मग युद्ध लांबलं तसा तो राजाशी तह करा म्हणू लागला आणि पार्लमेंटचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या सैन्याचा शत्रू झाला. डिसेंबर १६४८ मध्ये सैन्यानं तहाच्या बाजूचे सभासद सभागृहाच्या दारातूनच हाकलले, तेव्हा होल्सलाही देश सोडावा लागला. उरलेल्या मूठभर सभासदांनी खटला उभा केला, ५९ जणांनी फर्मानावर सह्या केल्या आणि ३० जानेवारी १६४९ ला व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउससमोर चार्ल्सचं शिर उडवलं. होल्स त्यात नव्हता. १६६० मध्ये चार्ल्सच्या मुलाला राज्यावर बोलावण्यासाठी पार्लमेंटची मंडळी हेगला गेली, तेव्हा कॉमन्सच्या वतीनं त्याच्यासमोर बोलायला उभा राहिला तो हाच होल्स.